सावली परतण्याआधी

दुपारचे बारा वाजून अठ्ठावीस मिनिटे. तारीख 21 जून. उज्जैनच्या वेधशाळेत शंकू यंत्राच्या गोल चौथऱ्याभोवती तुम्ही पन्नासेक मुलेमुली दाटीवाटीने उभी आहात आणि सगळ्यांचे डोळे मधल्या खुंटीच्या बुडाशी लागले आहेत. तू पंधरा वर्षांची आहेस. घरात मराठी बोलतेस, उंबरा ओलांडला की हिंदी, आणि चिडलीस की माळवी. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालीस तेव्हा आजीने आभाळाकडे बघून मान हलवली होती. पाऊस याच दिवसांत माळव्यात पोचतो, आणि कितीतरी वर्षी ढगच हा सोहळा गिळतात. आज मात्र ढगांत फट पडली आहे. सावली आखडत आखडत खुंटीपाशी येते. नखाएवढी उरते.

ती पुरती नाहीशी का होत नाही, हे तुला ठाऊक आहे. कर्कवृत्त इथून तीसेक किलोमीटर उत्तरेला, डोंगला गावाजवळून जाते. ती जागा विष्णू श्रीधर वाकणकरांनी दाखवून दिली, भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणणारे तेच वाकणकर. म्हणजे या घडीला सूर्य तुझ्या डोक्याच्या किंचित उत्तरेला आहे आणि ती नखभर सावली दक्षिणेला पडली आहे. थोड्या वेळाने ती पूर्वेकडे वाढू लागेल.

तेवढ्या वेळात जाऊन यायचे आहे. डोळे मीट.

ओल्या चुन्याचा वास येतो. साल 1923. वेधशाळा हीच, पण भिंतींना भेगा, अंशांच्या रेषा पुसट, पायऱ्यांतून गवत. सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना त्याने ही यंत्रे बांधून घेतली, त्याला दोनशे वर्षे होत आली. मधल्या काळात इथे शिंद्यांचे राज्य आले. राणोजींनी उज्जैन राजधानी केली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ नव्याने उभारले, मग दौलतरावांच्या काळात राजधानी ग्वाल्हेरला गेली, आणि यंत्रे ऊनपावसात पडून राहिली. आता माधवराव शिंद्यांच्या हुकमाने दुरुस्ती चालू आहे. देखरेखीला गोविंद सदाशिव आपटे नावाचे मराठी ज्योतिर्गणिती आहेत. गवंडी भिंतीवरची रेषा पुन्हा कोरताना बघ. ती केसभर चुकली तर वेळ चुकेल. वेळ चुकली तर तिथी चुकेल.

1942 पासून या वेधशाळेतून दर वर्षी पंचांग निघते: सूर्य, चंद्र, ग्रह पुढच्या वर्षी कोणत्या दिवशी कुठे असतील, त्याची कोष्टके. तुझ्या गावात येणारा काळ छापून मिळतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला 11.86 वर्षे लागतात, म्हणून तो बाराएक वर्षांनी सिंह राशीत परततो आणि उज्जैनला सिंहस्थ भरतो. 2016 ला भरला. 2028 ला भरेल. मग 2040. मग 2052 च्या सुमाराला. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. उज्जैनच्या मेळ्याची रीत राणोजी शिंद्यांनी नाशिकहून आणली, असेच सांगतात.

पण त्या पंचांगात एक रकाना नाही, तो नीट लक्षात ठेव. 2052 च्या वैशाखात गुरू कुठे असेल हे आज काढता येते. इथल्या क्षिप्रा नदीत पाणी असेल का, हे त्यात नाही. पहिल्या गोष्टीवर कोणाचाच हात चालत नाही. दुसरी आपण रोज थोडीथोडी ठरवत आहोत, आणि ठरवणाऱ्यांत तुझ्या वयाचे कोणी नाही. ही सफर मी त्या एका कारणासाठी काढली आहे.

चल, आजीच्या गच्चीवर.

1970 च्या दशकातला मे महिना. दिवसभर लू वाहिली, पण रात्री दहा वाजता गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणे घातली आहेत, आणि बाराच्या पुढे तुझी आजी, जी इथे नुकती लग्न होऊन आलेली सून आहे, पायाशी घडी करून ठेवलेली गोधडी वर ओढून घेते. मे महिन्यात गोधडी! बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, अशी ख्याती होती ती उगाच नव्हे. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचीचे पठार, काळी माती, कोरडी हवा: सूर्य गेला की उष्णता वर निघून जायची. थोडी थांब इथे. ही हवा अंगावर घे. पुढे जिथे जायचे आहे तिथे ही सापडणार नाही, आणि न अनुभवलेल्या गोष्टीची उणीव माणसाला जाणवत नाही. तुझ्या पिढीला मे महिन्याची रात्र म्हणजे कूलरचा आवाज. तुम्हाला तेच स्वाभाविक वाटते, यात तुमचा दोष नाही. म्हणून तर आजीला विचारायचे, आणि तिने सांगितलेले लिहून ठेवायचे.

1990, देवास. इथून चाळीस किलोमीटरवर. क्षिप्रा तिथूनही जाते. स्टेशनात गाडी उभी आहे आणि वाघिणींत माल नाही, पिण्याचे पाणी आहे. ज्या माळव्यात पावलोपावली पाणी लागते असे म्हणत, तिथे आगगाडीने पाणी. विंधनविहिरी खोल खोल गेल्या, पाणी त्याहून खोल गेले. आता सोळा वर्षे पुढे ये, जिल्हा तोच. शेताच्या एका कोपऱ्यात पोकलेन तलाव खणते आहे. 2006 पासून, जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने, देवासच्या शेतकऱ्यांनी बहुतेक स्वतःच्या पैशाने हजारो शेततळी काढली. जमिनीचा दहावा भाग पाण्याला द्यायचा आणि उरलेल्या नऊ भागांत दुसरे पीक घ्यायचे, असा साधा हिशेब. ‘आता काही होणार नाही’ असे कोणी म्हणाले की मला या तळ्यांची आठवण येते. तळ्यांच्या काठावर मोठी झालेली मुले आज पंचविशीत असतील.

पुढचे वर्ष तुझे स्वतःचे आहे. 5 जानेवारी 2019, शनी अमावस्या. तू आठ वर्षांची, आजीचे बोट धरून त्रिवेणीच्या घाटावर. नदीत पाणी नाही. लोक हजारोंनी आले आहेत आणि चिखलाने ओला झालेला हात कपाळाला लावून परतत आहेत. आजीने तुझ्या डोक्यावर बाटलीतले चार थेंब शिंपडले. त्यानंतर विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी, दोघांनाही हलवण्यात आले. वर्तमानपत्रात ते आले. तुला आठवते ते आजीचे गप्प होणे.

नदी का आटली? क्षिप्रा इंदूरच्या पुढे डोंगरातून निघते आणि 195 किलोमीटर वाहून चंबळेला मिळते. बर्फाचा आधार तिला नाही. पावसाळा सरला की झऱ्यांवर जगणारी नदी. वरच्या अंगाला जमिनीतले पाणी उपसले की झरे मरतात. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी 47 किलोमीटर नळातून, सुमारे 350 मीटर वर चढवून, क्षिप्रेच्या उगमाशी आणून सोडले. 2016 चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला. म्हणजे मेळ्यात न्हालेली माणसे उज्जैनमध्ये नर्मदा न्हाली. मी याला नावे ठेवत नाही. श्रद्धेने आलेल्या माणसाला पाणी द्यावेच लागते. पण पंप बंद, नदी बंद, ही नदीची व्याख्या होऊ शकत नाही. त्यात इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह त्रिवेणीशी क्षिप्रेला मिळते. पर्वणी आली की मातीचा बांध घालून कान्ह अडवायची, आणि बांध फुटला की काळे पाणी रामघाटापर्यंत, हे उज्जैनकरांनी किती वेळा पाहिले! आता 2028 च्या आधी कान्हचे पाणी बंद कालव्यातून शहराला वळसा घालून पुढे न्यायचे काम चालू आहे. ‘पुढे’ म्हणजे कोणाच्या गावात, हा प्रश्न तिथल्या मुलांनी विचारला तर उत्तर तयार हवे.

2023 वर क्षणभर पाय टेक. 28 मे, वावटळीत महाकालाच्या देवळाजवळच्या ‘महाकाल लोक’ परिसरातल्या सप्तर्षींपैकी सहा मूर्ती खाली येतात. ऑगस्टमध्ये देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट जातो, सोयाबीन पिवळे पडते. आणि सप्टेंबरच्या मध्याला दोन दिवसांत इतके कोसळते की रामघाटावरची देवळे कळसापर्यंत बुडतात. एकाच वर्षात तहान आणि पूर. हवेत कर्बवायूचे प्रमाण कारखाने येण्याआधी दहा लाख भागांत सुमारे 280 होते, आता ते 420 च्या वर गेले आहे. कर्कवृत्तही सरकते, वर्षाला पंधराएक मीटर दक्षिणेकडे, पृथ्वीच्या आसाच्या मंद डोलण्यामुळे. निसर्गाची चाल अशी असते. आपण जी चाल लावली आहे ती तुझ्या आजीच्या एका आयुष्यात गोधडीपासून कूलरपर्यंत येऊन पोचली.

आता घट्ट धर. पुढे जायचे आहे.

2052. वैशाख. रात्रीचे अडीच. तू रामघाटाच्या पायरीवर उभी आहेस आणि दगड अजून कोमट आहे. तुझ्या वयाच्या दोन मुली ओलेत्या केसांनी वर येतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा स्नान बंद असते म्हणून गर्दी रात्रीची. घाटावर दर शंभर पावलांवर सावलीचे मांडव, त्यांत माठ आणि खाटा, उन्हाने भोवळ आलेल्यांसाठी. पलीकडच्या काठाला अर्जुनाची झाडे आहेत, चांगली वीसेक वर्षांची. पाण्यात हात घाल. पाणी आहे. गुडघ्याच्या थोडे वर. नाकाशी नेऊन बघ: वास नाही.

एक मुलगा तुझ्याकडे येतो. चौदा-पंधरा वर्षांचा, गळ्यात भैरवगढचा बाटिकचा गमछा. बापाचा रंगाईचा धंदा, नदीकाठीच. तुझ्या कपड्यांवरून त्याने ओळखले असावे.

“ताई, तुम्ही मागच्या ना? छब्बीसच्या?”

तू मान हलवतेस.

तो सगळे सांगत सुटतो. नर्मदेचे पाणी आता फक्त पर्वणीला सोडतात, तेही भांडून, कारण नर्मदाकाठच्यांनाच ते पुरत नाही. बाकीचे वर्षभर नदी वरच्या तळ्यांवर आणि परत आलेल्या झऱ्यांवर चालते. कान्ह इंदुरातच स्वच्छ होते. दर आठवड्याला दोन्ही शहरांतली मुले तिचे पाणी तपासून आकडे घाटावर लावतात. पण गहू? मार्च 2022 मध्ये, देशात तोवरचा सर्वांत उष्ण मार्च गेला तेव्हा, दाण्यात दूध भरायच्या दिवसांत ऊन तापले आणि दाणा बारीक राहिला होता, हे तू ऐकले आहेस. त्याच्याकडे तसे मार्च आता नेमेचि येतात. त्याच्या मामाने गहू सोडून ज्वारी धरली. आणि गच्चीवर कोणी झोपत नाही. रात्रीची ती हवा परत आलेली नाही. त्याने ती कधी अंगावर घेतलेली नाही. तू मघाशीच घेतलीस, आणि त्याला सांगायला तुझ्यापाशी शब्द नाहीत.

“ही बघा,” म्हणत तो पिशवीतून जाडजूड वही काढतो. कडा पुरात भिजून वाळलेल्या. पहिल्या पानावर तारीख आहे, 21 जून 2026, आणि अक्षर तुझे. खाली एक ओळ, पायऱ्यांचा आकडा. तू पान उलटतेस. पुढच्या पानांवर शाई आहे, पण अक्षरे डोळ्यांत थांबत नाहीत, पाण्याखालच्या खड्यांसारखी हलतात. तू एक पान नाकाशी नेतेस. वाचता येत नाही.

“अजून लिहायचं असेल तुम्हाला,” तो म्हणतो. मग जरा थांबून, “ताई, तुम्ही मोठ्यांकडे नक्की काय मागितलं होतं?”

तुझ्यापाशी उत्तर नाही. तुला आजवर कोणी विचारलेच नाही.

हा घाट, हा मुलगा, ही वही माझ्या कल्पनेतली. पण वाटेत मी तुला जिथे नेणार आहे ती जागा खरी आहे. जपानच्या इवाते प्रांतातले याहाबा नावाचे छोटे गाव, साल 2015. तात्सुयोशी साइजो या अर्थशास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून तिथे गावकऱ्यांचे गट बसले. काही जण आजचे नागरिक म्हणून बोलणार होते. काहींना अंगात खास डगले घालायला दिले आणि सांगितले, तुम्ही 2060 मधले आहात, तिथून बोला. आजच्या गटाने आजच्या अडचणी मांडल्या. डगले घातलेल्यांनी पाण्याच्या जुन्या नळांचा विषय काढला आणि पाणीपट्टी वाढवा म्हणाले, कारण नळ बदलायला पैसे लागतील आणि तो भार नातवंडांवर टाकायचा नव्हता. पाणीपट्टी पुढे खरोखर वाढली. माणसे तीच, डगला काय तो वेगळा. पाण्याचा प्रश्न, उद्याच्या जागी जाऊन आज बोलणारी माणसे, आणि ते ऐकून निर्णय बदलणारी पालिका! हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा उज्जैन आठवले. ज्या शहराला पुढच्या तीन सिंहस्थांची वर्षे पाठ आहेत, तिथे असा डगला घालायला किती सोपे जाईल.

आपल्याकडे मुलांना काय मिळते? चित्रकला स्पर्धा. मुखवटा लावलेली पृथ्वी, नळातून पडणारा एक थेंब, पहिले बक्षीस कंपासपेटी. ‘पाणी वाचवा’ची फेरी, टोप्या, घोषणा, फोटो. मुले मनापासून करतात, त्यांच्या त्या मेहनतीचा मला आदर आहे. पण घोषणा लिहून देणारे मोठे असतात आणि नदीबद्दलचा निर्णय त्या दिवशी दुसऱ्याच खोलीत होत असतो. मग भाषणाच्या शेवटी ‘तुम्हीच आमची आशा’ हे वाक्य येते. हे वाक्य मला सोसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीवर आशा सोपवायची आणि अधिकार मात्र एक तोळाही द्यायचा नाही, ही अन्यायाची वाटणी आहे. 2028 ला तू सतरा वर्षांची असशील. त्या मेळ्यासाठी काय बांधायचे, काय तोडायचे, कोणते झाड ठेवायचे, हे ठरून जाईल आणि तुला अजून मत नसेल. 2052 ला तू एक्केचाळीस वर्षांची असशील, ते बांधलेले सगळे तुझ्या पदरात असेल. नाशिकलाही तेच चालू आहे: 2025 च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर आले.

दार ठोठावणारी मुले नाहीत असे नाही. सिंहस्थासारखाच कुंभ जिथे भरतो त्या हरिद्वारच्या रिधिमा पांडेने 2017 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, हवामानाच्या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादात अर्ज केला. 2019 मध्ये तो फेटाळला गेला. ती मागे हटली नाही. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने मुलांच्या पर्यावरणाच्या हक्कांवर जे विवेचन काढले, त्यासाठी 121 देशांतल्या मुलांकडून 16 हजारांहून अधिक म्हणणी आली होती. त्यात मुलांचे ऐकून घेणे हा हक्क धरला आहे, उपकार धरलेला नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे आणि ते मोठ्यांकडे आहे. सिंहस्थाच्या तयारीच्या बैठकीत एक बाक मुलांचा असू द्या. शाळेतल्या हुशार वक्त्यांचाच नको. भैरवगढच्या रंगाऱ्याचा मुलगा, रामघाटावर नाव चालवणाऱ्याची मुलगी, कान्हचे पाणी जिथे सोडणार त्या गावातली दोन मुले, माळा ओवून विकणारी पोर, सगळी हवीत; उन्हात दिवसभर कोण असते हे त्यांना माहीत आहे. त्यांना 2052 चा डगला द्या, नकाशे आणि खर्चाचे कागद द्या, समजावून सांगायला अभियंता द्या, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात लिहा. मान्य झाले नाही तर का नाही, तेही लिहा. मुले चुकतील. 2016 च्या मेळ्यात 5 मेच्या वादळात मंडप कोसळून माणसे गेली, तो आराखडाही अनुभवी मोठ्यांनीच केला होता.

डोळे उघड.

कोणीतरी तुझा खांदा हलवते आहे. चौथऱ्याभोवतीची गर्दी पातळ झाली आहे, ढगांची फट पुन्हा बुजत आली आहे. खुंटीच्या पूर्वेला सावली निघाली आहे, बोटभर. वेधशाळेतले काका पुढच्या वर्गाला आत बोलावतात. तुझ्या मैत्रिणीला समोसे खायचे आहेत.

“चल ना,” ती म्हणते.

“आधी रामघाट,” तू म्हणतेस.

“आत्ता? उन्हात?”

“पायऱ्या मोजायच्यात. पाण्याबाहेर किती आहेत ते.”

ती तुझ्या तोंडाकडे बघते, मग दप्तरातून कोरी दोनशे पानी वही काढून तुला देते. गणिताची होती, म्हणते, पण घे. रामघाटावर दगड भाजतो आहे. तू चपला काढत नाहीस. नावाड्याची मुलगी नावेत बसून तुमच्याकडे बघते आहे. वरच्या देवळाच्या जोत्यापासून सुरुवात करायची की खालच्या छत्रीपासून, यावर तुमचे दोघींचे जमत नाही.

“पुराची खूण त्या छत्रीवर आहे,” नावेतून ती ओरडते. “तिथून मोजा. मी सांगते.”

तू तारीख टाकतेस. एक. दोन. तीन.